उरलेल्या गोळ्या, दोनदा फ्लश आणि आपली खाडी

काचपात्र (धागाकर्ती):

जूनमध्ये सासरे गेले. दिवसकार्य झाल्यावर कपाट आवरताना त्यांची औषधांची पिशवी निघाली. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या चार अख्ख्या पट्ट्या, फिट येऊ नये म्हणून चालू असलेली कार्बामाझेपीन, शेवटच्या आजारपणात अर्धवट राहिलेला अँटिबायोटिकचा कोर्स, गुडघ्याला चोळायची डायक्लोफिनॅकची ट्यूब. सासूबाई म्हणाल्या, "पोरांच्या हाताला लागायला नको. संडासात टाक आणि दोनदा फ्लश कर." मी पट्टीतून गोळ्या काढायलाही लागले होते. सहा-सात गोळ्या तळहातावर आल्या आणि हात थांबला, कारण माझं पोट पाण्यावरच चालतं.

बावीस वर्षं अंधेरीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत पाणी तपासते आहे. सोसायट्या, हॉटेलं, कारखाने, बोअरवेलवाले बाटल्या आणून देतात. आम्ही पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५०० प्रमाणे तपासतो आणि अहवालाच्या तळाशी लिहितो, 'तपासलेल्या घटकांपुरते पिण्यास योग्य.' लोक 'पिण्यास योग्य' एवढंच वाचतात. 'तपासलेल्या घटकांपुरते' हे शब्द मी इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचताना ऐकले नाहीत. म्हणून हा धागा.

२०१२ च्या त्या मानकात गढूळपणा, क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, शिसं, आर्सेनिक, काही कीटकनाशकं, क्लोरिनमुळे तयार होणारी ट्रायहॅलोमिथेन्स, ई. कोलाय असं बरंच काही आहे आणि ते सगळं गरजेचंच आहे. पण अँटिबायोटिक नाहीत, संप्रेरकं नाहीत, 'पीफास' नावाची कायम टिकणारी फ्लोरिनची रसायनं नाहीत, प्लास्टिकचे सूक्ष्म कण नाहीत. यांना आमच्या क्षेत्रात उदयोन्मुख प्रदूषकं म्हणतात. नावावरून ती कालपरवा जन्माला आली असं वाटतं, पण त्यातली बरीचशी पन्नास-साठ वर्षं पाण्यात जात आहेत. ती मोजू शकणारी यंत्रं अलीकडे आली, एवढंच. आणि यादीत नाव नसेल तर कोणी ती तपासायला पैसे देत नाही, मग आम्हीही तपासत नाही.

मेटफॉर्मिनचंच घ्या. शरीर ते मोडत नाही. घेतलेलं औषध जसंच्या तसं लघवी-शौचातून बाहेर पडतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत. म्हणजे मी सासऱ्यांच्या या गोळ्या फ्लश केल्या नाहीत तरी त्यांनी हयातीत घेतलेल्या बहुतेक सगळ्या गोळ्या मुलुंडच्या आमच्या गटारातूनच गेल्या. हे मान्य करूनच पुढचं लिहिते आहे. आजारी माणसाने औषध घ्यायलाच हवं. न घेतलेलं औषध मात्र गटारात जायचं काहीही कारण नाही.

गटारातून ते सांडपाणी केंद्रात जातं. तिथले जिवाणू अन्नकण, मैला, साबणाचा बराच भाग खाऊन टाकतात. मेटफॉर्मिन ते बऱ्यापैकी बदलून टाकतात, पण त्यातून दुसरंच संयुग तयार होतं आणि ते लवकर मोडत नाही. कार्बामाझेपीनला तर ते तोंडच लावत नाहीत. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने जवळपास तेवढीच बाहेर. मुंबईत सध्या वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप अशी सात नवी केंद्रं बांधली जात आहेत, एकूण क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर. मला त्यांचा मनापासून आनंद आहे, कारण आजवर वरळी-वांद्र्याचं मैलापाणी जुजबी प्रक्रिया करून तीन किलोमीटरहून लांब नळातून समुद्रात सोडलं जायचं. पण ही केंद्रं मैला, अमोनिया, गाळ यांच्यासाठी आहेत. औषधांचे रेणू अडवायचे तर त्यापुढे ओझोन किंवा सक्रिय कार्बनचा आणखी एक टप्पा लागतो.

प्रमाण किती सूक्ष्म असतं ते सांगते. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या दोन मुख्य पीफास रसायनांना प्रत्येकी लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. मुंबईला रोज जवळपास ४,००० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं. कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतच्या एका दिवसाच्या सगळ्या पाण्यात १६ ग्रॅम पावडर ढवळली, साधारण मोठा एक चमचा, तर ती मर्यादा गाठली जाते. आपल्या नळात ते आहे असं मी म्हणत नाही. कोणत्या मापाचं काम आहे ते कळावं म्हणून लिहिलं.

उगाच घाबरायला नको म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. आपलं पाणी वैतरणा, तानसा, भातसा, विहार, तुळशी अशा तलावांतून येतं. त्यांच्या वरच्या अंगाला जंगल आणि पाडे जास्त, मोठी शहरं नाहीत. खाली शहर आणि वर शहर अशा नदीवर जगणाऱ्यांपेक्षा आपण नशीबवान आहोत. मुंबईकर हे विष पितो कमी आणि सोडतो जास्त. मला खुपतं ते हेच. आपण वरून स्वच्छ घेतो आणि खाली खाडीला काय देतो हे कोणी मोजत नाही.

तुमच्या घरी उरलेल्या औषधांचं काय करता? खरंखरं लिहा.

खाडीकाठ:

ताई, आम्ही ट्रॉम्बे कोळीवाड्यातले. तुमचं 'खाली' म्हणजे आमचं दार.

आमची आय मासा घेताना कल्ला उघडून लाली बघायची, बोटाने दाबून बघायची, मग नाकाला लावायची. रॉकेलचा वास आला की टोपली परत. बोयला, कालवांना असा वास पुष्कळदा यायचा आणि गिऱ्हाईक शिजवल्यावर भांडायला यायचं. तेलाचा, सांडपाण्याचा त्रास आम्ही नाकाने ओळखला. तुम्ही लिहिलंय ते ना नाकाला कळणार ना जिभेला. कालवं तर एका जागी चिकटून दिवसभर पाणी गाळतात, जे पाण्यात ते त्यांच्या अंगात. ती आम्हीच खातो आणि आम्हीच विकतो. मग आम्ही कोणाला विचारायचं? लॅबला मासा दिला तर तुम्ही तपासता का?

काचपात्र:

दादा, पारा-शिसं तपासून देऊ. औषधांसाठी वेगळं यंत्र लागतं, द्रव क्रोमॅटोग्राफी आणि त्याला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर. आमच्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांना एका नमुन्याचे जे पैसे द्यावे लागतील ते तुम्ही का भरायचे? ते काम सरकारी यंत्रणेने नियमित करायला हवं, आणि फक्त पाण्याचं नाही, कालवांचं आणि गाळाचंही. तुम्ही म्हणता तसं कालव हे दिवसरात्र चालणारं नमुना गोळा करायचं भांडंच आहे.

पत्राचाळ_गोवंडी:

लेख चांगला आहे, पण राग मानू नका. आमच्याकडे पहाटे दीड तास पाणी येतं, तेही शेवटच्या घरांना मोटर लावल्याशिवाय चढत नाही. उन्हाळ्यात टँकर. पावसाळ्यात पाण्याला गटाराचा वास येतो आणि गल्लीतली पोरं जुलाबाने आडवी होतात. नॅनोग्रॅमचं बोलण्याआधी आमच्या पाइपातलं गटार बंद करा. आधी पोट सांभाळू, मग हार्मोन.

काचपात्र:

राग कसला, तुमचं बरोबरच आहे आणि तुमचा प्रश्न याच धाग्यातला आहे. पाणी काही तासच येतं तेव्हा उरलेला वेळ पाइप रिकामा असतो आणि फुटक्या सांध्यातून बाहेरचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. त्यातून जुलाबाचे जंतू येतात, तसेच औषधाला न जुमानणारे जंतूही येतात. २०११ मध्ये दिल्लीतला एक अभ्यास 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगांच्या नियतकालिकात आला होता. नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत 'एनडीएम-१' हे जनुक सापडलं. ते ज्या जंतूत शिरतं त्याच्यावर कार्बापेनेमसारखी राखून ठेवलेली अँटिबायोटिकही चालत नाहीत. म्हणजे हा नवा त्रास सगळ्यात आधी तुमच्याच गल्लीत पोचतो. चोवीस तास दाबाने पाणी आणि न गळणारी जलवाहिनी हा नव्या प्रदूषकांवरचाही पहिला इलाज आहे. मूळ लेखात हे यायला हवं होतं. तुमच्यामुळे आलं.

पत्राचाळ_गोवंडी:

हे पटलं.

ब्लोअर_चालू:

मी कांदिवलीतल्या एका मोठ्या संकुलाचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र, चालवतो. चारशे फ्लॅट. आमचं पाणी परत फ्लशला आणि बागेला जातं. जिवाणू खातात असं ताईंनी लिहिलंय ना, ते जवळून कसं दिसतं ते सांगतो.

टाकीत हवा सोडतो, पाणी चहासारखं तपकिरी दिसतं, ओल्या मातीसारखा वास येतो. हे निरोगी कल्चर, म्हणजे टाकीतले जिवाणू ठणठणीत. सकाळी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात पाणी भरून अर्धा तास ठेवतो, गाळ किती खाली बसतो ते बघतो. दिवाळीच्या साफसफाईत घराघरांतून अ‍ॅसिड, फिनेल, ब्लीच एकदम येतं. दुसऱ्या दिवशी टाकीवर पांढरा फेस कमरेएवढा, गाळ बसत नाही, वास सडका. कल्चर मेलं. मग आम्ही तबेल्यातून शेण आणतो, गूळ पाण्यात कालवून टाकतो, दुसऱ्या प्लांटमधून टँकरभर गाळ मागवतो. आठ-दहा दिवस लागतात.

माझं म्हणणं असं की जो जिवाणू ब्लीचने मरतो त्याच्याच पोटात आपण रोज थोडं थोडं अँटिबायोटिक घालतो. तो मरत नाही तेवढ्याने, पण शिकतो. टाकीत कोट्यवधी जिवाणू एकमेकांना चिकटून राहतात आणि एकाने शिकलेलं दुसऱ्याला देतात. मी हे प्रशिक्षणात ऐकलं तेव्हापासून हातमोजे घातल्याशिवाय नळकांडं धरत नाही.

आमच्या रिपोर्टमध्ये बीओडी, सीओडी, टीएसएस (पाण्यातली घाण आणि तरंगते कण मोजायची मापं), पीएच आणि तेल-ग्रीस. बाकी कोणी विचारत नाही.

सोनचाफा_दादर:

घरच्या आरओने हे सगळं जातं का? एवढंच सांगा.

काचपात्र:

चांगल्या अवस्थेतल्या आरओच्या पडद्याने पीफास आणि बहुतेक औषधांचे रेणू मोठ्या प्रमाणात अडतात. कार्बनच्या कांडीनेही बरेच अडतात, पण ती वेळेवर बदलली तर. या रसायनांसाठी उकळून काही उपयोग नाही. पीफास उकळून जात नाहीत, उलट पाणी आटलं की थोडे दाटच होतात. आणि आरओने अडवलेलं नाहीसं होत नाही, ते बाजूच्या नळीतून मोरीत जातं, जास्त दाट होऊन. तुमच्या घरापुरता प्रश्न सुटतो, खाडीकाठ दादांचा तेवढाच राहतो. मुंबईच्या तलावांच्या पाण्याला मी सरसकट आरओ सुचवत नाही.

कापडी_पिशवी:

+१. आणि सिंथेटिक कपडे मशीनमध्ये धुताना निघणारे तंतू? ते पण सूक्ष्म प्लास्टिकच ना?

काचपात्र:

हो. ५ मिलिमीटरपेक्षा लहान सगळं त्यातच धरतात. सांडपाणी केंद्रात त्यातलं बरंच गाळात बसतं. मग तो गाळ खत म्हणून शेतात गेला की पुन्हा मातीत. त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन.

चाकरमानी_चिपळूण:

पीफासचा विषय काढलात म्हणून लिहितोय. माझं घर लोट्याजवळ, नोकरी परळला. इटलीत विचेंझाजवळ ट्रिस्सिनो गावात अशी रसायनं बनवणारा कारखाना होता. त्याच्यामुळे व्हेनेतो प्रांतातल्या लाखो लोकांच्या पाण्यात ती उतरली. २०१८ मध्ये कारखाना बंद पडला, २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने माजी अधिकाऱ्यांना तुरुंगवास सुनावला. त्याच कारखान्याची यंत्रसामग्री विकत घेतली गेली आणि आली आपल्या लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत. खाली वाशिष्ठी आहे, दाभोळची खाडी आहे.

नवी यंत्रणा नीट चालवतील, सांडपाणी अडवतील असं सांगतात. असेलही. पण मोजणार कोण आणि कोणत्या मर्यादेशी ताडून बघणार? आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात नावच नाही हे ताईंनी वर लिहिलंय. इटलीतही संशोधकांनी पाणी तपासलं तेव्हाच कळलं. मी गणपतीला गेलो की विहिरीचं पाणी पितो, माझी आई बारा महिने पिते. आज, काही बिघडलेलं नसताना, त्या विहिरीचा आकडा कागदावर असायला हवा. नंतर तक्रार करायची वेळ आली तर आधी किती होतं हेच कोणाला सांगता येणार नाही.

काचपात्र:

तुमच्या शेवटच्या दोन ओळी मला फार महत्त्वाच्या वाटतात. तो 'आधीचा आकडा' घ्यायला एकच संधी असते.

आणि तो घेणं किती कठीण ते सांगते. पीफासचा नमुना घेणाऱ्याने रेनकोट घालायचा नाही, कारण पाणी न चिकटणारं कापड म्हणजे बहुधा तेच रसायन. टेफ्लॉनचं झाकण चालत नाही. खुद्द यंत्रातल्या नळ्यांतूनही ते येऊ शकतं, म्हणून आधी कोरं पाणी चालवून बघावं लागतं. कोकणातल्या जुलैच्या पावसात रेनकोटशिवाय नदीत उतरून बाटली भरणारा प्रशिक्षित माणूस आणि मागे त्या दर्जाची प्रयोगशाळा, हे दोन्ही मिळालं तर आकडा खरा.

मात्रा_गिरगाव:

माझं औषधांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. दुकानातल्या मुदत संपलेल्या मालाची सोय आहे. आम्ही वेगळा काढतो, होलसेलरला परत देतो, तिथून कंपनीकडे. पण एकदा बिल फाडून गिऱ्हाइकाच्या हातात गेलेली पट्टी परत घ्यायची आम्हाला कसलीच पद्धत नाही. घेतली तर ठेवायची कुठे, द्यायची कोणाला? म्हातारी माणसं पिशवी घेऊन येतात, "गरिबाला द्या" म्हणतात. ते मी करू शकत नाही. कुठल्या उन्हात ठेवली होती कोण जाणे.

केरळात औषधविक्रेत्यांच्या संघटनेने तिरुवनंतपुरमला उरलेली औषधं गोळा करायचा उपक्रम २०१९ ला सुरू केला होता, आता तिथलं सरकारही त्यात उतरलं आहे. आपल्याकडे व्हावं असं मला फार वाटतं. माझ्या काउंटरशेजारी डबा ठेवायला मी आज तयार आहे.

एक सूचना सगळ्यांना. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये १७ औषधांची यादी काढली, फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल या कडक वेदनाशामकांसारखी. ती घरात राहिली तर कोणाच्या जिवावर बेतू शकतं म्हणून ती फ्लश करा असं सांगितलं आहे. कॅन्सरच्या रुग्णाच्या घरी असली तर तो अपवाद पाळा. बाकीच्या गोळ्यांना तो नियम लावू नका. तिथूनच गैरसमज पसरतो.

गिधाडांची_गोष्ट:

डायक्लोफिनॅक वाचून राहवलं नाही. गुरांना हे इंजेक्शन द्यायचे, ते जनावर मेलं की गिधाडं खायची आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. कारण २००४ मध्ये सिद्ध झालं, २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांच्या आसपास संपली होती. मलबार हिलच्या डुंगरवाडीवर पारशी समाजाला गिधाडं उरली नाहीत म्हणून सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले. ते विष पाण्यातून गेलं नव्हतं, पण माणसासाठी गुणकारी असलेल्या एका रेणूने काय केलं ते या शहराने डोळ्यांनी पाहिलं आहे. माझी आजी ग्रँट रोडच्या गच्चीवरून गिधाडं मोजायची. मी एकही पाहिलेलं नाही.

हिशेब_पुरा:

सगळं खरं, पण पैसे कोण देणार? स्वित्झर्लंडने २०१६ पासून कायदा करून शंभरेक केंद्रांवर ओझोन-कार्बनचा टप्पा घ्यायला सुरुवात केली. युरोपीय संघाच्या नव्या सांडपाणी कायद्यात, जो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे, या जादा टप्प्याचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांनी द्यायचा आहे. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आहेत. आपल्याकडे असं केलं तर मेटफॉर्मिनची पट्टी महाग होईल आणि ती घेणारा माणूस गोवंडीतलाच असेल.

मात्रा_गिरगाव:

अगदी हेच म्हणणार होतो. किमतीला एक रुपया लागला तरी माझ्याकडचे काही लोक दहाऐवजी सात गोळ्या मागतात.

काचपात्र:

मलाही पेशंटच्या खिशातून नकोच. पण औषध घेणारा आणि औषध बनवणारा यांची बेरीज करू नका. २००७ मध्ये हैदराबादजवळ पाटनचेरूला, जवळपास ९० औषध कारखान्यांचं पाणी साफ करणाऱ्या केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडलं होतं. ते औषध घेणाऱ्या पेशंटच्या रक्तात असतं त्याहून जास्त! तिथे नॅनोग्रॅमचा प्रश्नच नाही. कारखान्याच्या नळाच्या तोंडाशी अडवणं शहराच्या टोकाला अडवण्यापेक्षा कितीतरी सोपं. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये मसुदा काढला होता, १२१ अँटिबायोटिकांच्या मर्यादा त्यात होत्या. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा वगळल्या गेल्या. त्या परत आणा, ही माझी पहिली मागणी. रुग्णाला त्याचा एक पैसा भुर्दंड न पडता होऊ शकेल असं ते काम आहे.

निवृत्त_स्लाइड:

मी विषाणूंच्या प्रयोगशाळेत होतो. मुंबईच्या गटारातून पोलिओचा विषाणू शोधायचं काम २००१ मध्ये सुरू झालं, देशात सगळ्यात आधी इथे. ठरलेली ठिकाणं, ठरलेला वार, बाटली बर्फात, थेट प्रयोगशाळेत. एकही मूल आजारी पडायच्या आधी विषाणू कोणत्या वस्तीत फिरतोय ते कळायचं. कोविडमध्येही सांडपाणी असंच तपासलं गेलं. ती ठिकाणं आहेत, ती माणसं आहेत, तो शिरस्ता आहे. त्याच बाटलीतलं थोडं पाणी अँटिबायोटिकच्या आणि प्रतिरोधक जनुकांच्या तपासणीला काढून ठेवता येईल. नव्याने गल्लोगल्ली फिरायची गरज नाही.

काचपात्र:

काका, हे मला सुचलं नसतं. मी हे लिहून महापालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवते. मसुदा तुम्हाला व्यक्तिगत निरोपात दाखवते, तांत्रिक भाग तुम्ही तपासून द्या.

सोनचाफा_दादर:

आणि त्या पिशवीचं शेवटी काय केलंत?

काचपात्र:

संडासात नाही टाकली. ओल्या-सुक्या कचऱ्यातही नाही, कारण ते कांजूरच्या कचराभूमीला जातं आणि तिथलं झिरपणारं पाणीही शेवटी खाडीच्याच अंगाला. २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. महापालिकेने २०२५ मध्ये सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा पिवळ्या पिशवीतून वेगळा उचलायची सेवा सुरू केली, त्यात ही औषधंही चालतात. सोसायटीने नोंदणी करावी लागते. आमच्या सेक्रेटरींनी मंगळवारी केली.

जिन्याखाली झाकणाचा डबा ठेवला. वर सासूबाईंनी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला आहे, 'औषधे पट्टीसकट टाका. नाव खोडा.' पाच दिवसांत अकरा घरांतून आलेलं मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं, १ किलो ३४० ग्रॅम भरलं. निम्म्याहून जास्त पट्ट्या अर्ध्या कापलेल्या, आणि अँटिबायोटिकचे सात कोर्स अपुरे.

मात्रा काका, तुमच्या दुकानापासून गिरगावच्या किती सोसायट्या चालत जायच्या अंतरावर आहेत ते कळवा.

मात्रा_गिरगाव:

पंधरा तरी. रविवारी दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा या.